शांततेचं रंगीत वेळापत्रक

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी सव्वासहा.

नवी वही. रोज चारच ओळी लिहायच्या, त्याही थंड डोक्याने.

काल समुद्रापलीकडे दोन शेजारी देशांत युद्ध सुरू झालं. आपल्यापासून हजारो मैल. मी अजिबात घाबरलेली नाही. उठल्या उठल्या हॉस्टेलच्या गेटचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं ते दंडांना व्यायाम म्हणून.

संकल्प: बातम्या दिवसातून एकदाच. चहात साखर बंद. मुलींसमोर चेहरा हसरा.

दुपारी दोन.

प्राचार्यांनी मीटिंग बोलावली. 'कॅम्पस सुरक्षा आणि सामुदायिक स्वास्थ्य समिती' स्थापन. अध्यक्ष कोण होणार, असं विचारताच सगळ्या प्राध्यापकांना एकदम आपापली लेक्चर्स आठवली. मी पंचवीस वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर. मला लेक्चर नसतं. एकमताने निवड.

प्राचार्य म्हणाले, त्या दोन्ही देशांच्या मुली तुमच्याकडेच ना? म्हटलं, हो, एक ह्या बाजूची, एक त्या बाजूची. पहिली कुठल्या खोलीत? म्हटलं, चौदा नंबर. आणि दुसरी? म्हटलं, चौदा नंबर. प्राचार्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

खोली मीच दिली होती, जुलैत. दोघींची भाषा जवळजवळ एकच, म्हणून. तेव्हा ती दूरदृष्टी होती.

बातम्या चारदा पाहिल्या. पण चारही वेळा त्याच होत्या, म्हणजे एकदाच.

४ फेब्रुवारी.

सुरक्षा पाहणी. आगीसाठी दोन वाळूच्या बादल्या. एक रिकामी. दुसरीत कोणीतरी कांद्याची पात लावली आहे. मावशींना विचारलं (ह्या आमच्या स्वयंपाकाच्या मावशी), तर म्हणाल्या, आग लागेपर्यंत वाळूने नुसतं बसून काय करायचं?

शिट्टी विकत आणली. पितळेची. गळ्यात बरी दिसते.

५ फेब्रुवारी. संध्याकाळी.

जे व्हायचं तेच झालं. चौदा नंबरमधून आरडाओरडा. धावत वर गेले. थोरली आणि धाकटी एकमेकींवर ओरडत होत्या, धाकटीच्या हातात उशी. (सगळं हॉस्टेल त्यांना ह्याच नावांनी हाक मारतं. थोरली दोन वर्षांनी मोठी, उंच, मोजकं बोलणारी. धाकटी मराठी मावशींच्या ओट्याशी बसून शिकली, त्यामुळे तोंडात शब्दही मावशींचेच. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली होती, काय मेलं हे ऊन!)

काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही, बाई.

मावशी म्हणाल्या की चहाची किटली कोणी घासायची ह्यावरून भांडण होतं, रोजच होतं. मावशींना राजकारण कळत नाही. सीमेवर जे चाललं आहे ते आता दुसऱ्या मजल्यावर आलं आहे.

६ फेब्रुवारी.

निर्णय. दोघींना वेगळं करायचं.

आठ तास बसून वेळापत्रक केलं. थोरली निळी, धाकटी हिरवी. थोरली तळमजल्यावर तीन नंबरमध्ये, धाकटी सगळ्यात वर बावीसमध्ये. जेवण निळीचं साडेसातला, हिरवीचं सव्वाआठला. निळीने पुढचा जिना वापरायचा, हिरवीने मागचा. लायब्ररीत निळी खिडकीकडे, हिरवी वर्तमानपत्रांकडे. नको, वर्तमानपत्रांकडे नकोच. नकाशांकडे? तेही नको. शेवटी बागकामाच्या पुस्तकांकडे.

कितीतरी वर्षांनी रंगीत पेन्सिली हातात घेतल्या. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मदर असंच वेळापत्रक करायच्या. पाचवीत मी आणि माझी मैत्रीण फार बोलतो म्हणून त्यांनी आम्हाला वेगवेगळ्या डॉर्मिटरीत टाकलं होतं. लगेच शिस्त लागली. वर्षभर बोललो नाही. मग सवयच मोडली. आता ती कुठे असते कोण जाणे. आडनावही बदललं असेल. तिचे केस सरळ होते. मुद्दा शिस्तीचा.

७ फेब्रुवारी.

स्थलांतर पूर्ण. थोरलीने धाकटीची गादीसुद्धा स्वतः वर नेऊन टाकली. धाकटी रडली. मला म्हणाली, बाई, तुमच्या डोक्यात हे कोणी भरवलं? धक्क्यात माणूस काहीही बोलतं. मी मनावर घेतलं नाही. साखरेचा चहा घेतला, पण तो औषध म्हणून.

९ फेब्रुवारी.

सुरक्षा कवायत. शिट्टी वाजताच सर्व मुलींनी तीन मिनिटांत अंगणात जमायचं. एकोणीस मिनिटं लागली. पाच जणी ओल्या केसांनी आल्या, एक साबणासकट. वॉचमनला सांगितलं होतं की शिट्टी ऐकताच गेटला कुलूप लावायचं. त्याने लावलं आणि किल्ली घेऊन पलीकडे चहाला गेला. कवायत पाहायला आलेले प्राचार्य गेटबाहेरच राहिले. मी आतून सगळं समजावून सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

अहवालात लिहिलं: गेट पूर्णपणे सक्षम असल्याचे आढळून आले.

११ फेब्रुवारी, बुधवार.

धाकटी जेवत नाही. सव्वाआठला येते, ताटाकडे बघते, परत जाते. तिच्या आईचा नऊ दिवस पत्ता नाही. वडील नाहीत, आई एकटीच. गाव नदीकाठी, अगदी सीमेवर, आणि तिथले फोन पहिल्याच दिवशी बंद पडले. गावावर बॉम्ब पडले हे बातम्यांत दाखवलं. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण आवाज बंद करून.

दुपारी ती ऑफिसात आली. हातात हॉस्टेल सोडण्याचा अर्ज. म्हणाली, मी जाऊन शोधते आईला. शेजारच्या देशापर्यंत विमान आहे, पुढे बस, पुढे चालत. म्हटलं, वेडी का काय? म्हणाली, बाई, इथे बसून तरी मी कुठली शहाणी राहिले?

तिला समोर बसवून पाऊण तास समुपदेशन केलं. बोर्डिंगच्या आठवणी सांगितल्या, घंटेचा दोर तुटून सिस्टरच्या हातात आला ती गोष्टसुद्धा. फार परिणाम झाला. शेवटी शेवटी तिचा डोळा लागला.

अर्ज टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये, सगळ्या कागदांखाली टाकला. अर्ज ड्रॉवरमध्ये, तोपर्यंत मुलगी हॉस्टेलमध्ये.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

धाकटी अर्जाचं नाव काढत नाही. माझ्या पाऊण तासाला यश. तिचा मोबाइलही काल माझ्याकडे घेतला आहे, तिच्याच भल्यासाठी. त्यात सारखी ती भयंकर चित्रं. कुरकुरली, पण दिला. ज्या आईचा फोन लागतच नाही तिच्यासाठी मोबाइल हातात धरून बसायचं कशाला?

आठवडाभर भांडण नाही. आरडाओरडा नाही. सगळ्या हॉस्टेलभर इतकी शांतता आहे की मला धडधडतं. पित्त असावं.

एक गोष्ट नमूद करण्यासारखी. रोज पाचला मुली आपणहून माझ्याकडे येऊन बसतात. सोमवारी नऊ नंबर, काल सतरा. ह्या दिवसांत त्यांना माझा आधार वाटतो. काल घंटेची गोष्ट सांगितली तर काय हसल्या! दोर तुटायच्या आधीच हसल्या. आज पाचला धाकटी आली, वीस मिनिटं बसली. ती गेल्यावर पाच मिनिटांनी थोरली आली. योगायोग.

१४ फेब्रुवारी.

इस्त्रीच्या खोलीत सकाळी दोन कप सापडले. मावशी म्हणतात, दोन्ही त्यांचेच. एक डाव्या हाताचा असेल.

१६ फेब्रुवारी.

प्राचार्य खूश. बुधवारी अकरा वाजता सभागृहात 'सामुदायिक स्वास्थ्य दिन'. पाहुणे येणार, फोटोग्राफर येणार. थोरली आणि धाकटी मंचावर हस्तांदोलन करणार. कॉलेजच्या पत्रकात पहिल्या पानावर फोटो. फक्त तोपर्यंत दोघींची गाठ पडता कामा नये, नाहीतर चेहऱ्यावर तो पहिल्या भेटीचा भाव येणार नाही. प्राचार्यांना म्हटलं, माझ्यावर सोडा.

तालीम वेगवेगळी घेतली. मी थोरलीसमोर धाकटी झाले, धाकटीसमोर थोरली. थोरलीचा हात थंडगार. तिने एकच विचारलं, धाकटी जेवते का? म्हटलं, तुला काय करायचंय? आता मला वाटतं, ते जरा वेगळ्या शब्दांत विचारायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी सव्वानऊ.

सगळं आखल्याप्रमाणे. हार, खुर्च्या, पाणी. शिट्टी पॉलिश केली.

आत्ताच थोरली पळत आली. निळ्या रंगाला मागचा जिना मना असूनही सरळ तिकडेच. मी आडवी उभी राहिले. धापा टाकत म्हणाली, वर जाऊ द्या, फार महत्त्वाचं आहे, तिच्या आईचं... म्हटलं, अकरा वाजता मंचावर भेटशील तेव्हा सांग. ह्या वयात सगळंच महत्त्वाचं असतं. माझ्याकडे अशी बघत राहिली की मला उगीचच पदर सारखा करावासा वाटला. मग स्वयंपाकघराकडे पळाली.

धाकटीचा मोबाइल सारखा वाजतोय. उशीखाली ठेवला.

पावणेदहा.

धाकटी खोलीत नाही. बॅग नाही. गादीची वळकटी करून ठेवली आहे, वर माझ्या वेळापत्रकाची घडी.

दहा.

घटना ज्या क्रमाने कळल्या त्या क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं शांत राहील.

माझ्या टेबलाचा वरचा ड्रॉवर म्हणजे प्राचार्यांच्या सहीला जाणाऱ्या कागदांचा ड्रॉवर. दर शुक्रवारी क्लार्क तो रिकामा करून नेतो. ही पद्धत मीच घातली, बावीस वर्षांपूर्वी. अर्ज शुक्रवारी गेला. प्राचार्यांनी सोमवारी गठ्ठ्याने सह्या केल्या. क्लार्कने काल शिक्का मारून तो धाकटीच्या हातात दिला, वर म्हणाला, तुझं काम बघ कसं चटकन झालं.

मावशींना विचारलं. म्हणाल्या, हो, सकाळी आठला तिला दोन दिवस पुरेल एवढं बांधून दिलं. पोर पाया पडली हो! मला वाटलं, बाईंनीच सोडलं. वॉचमनला विचारलं. म्हणाला, कागद बघितला, सही बघितली, शिक्का बघितला, मग गेट उघडलं. नियमाप्रमाणे. उलट बॅग उचलून दिली.

सगळं नियमाप्रमाणे झालं आहे. मला कोणावरही ओरडता येत नाही.

थोरली मात्र माझ्यावर ओरडली. तिच्या तोंडून एवढं बोलणं मी प्रथमच ऐकलं. म्हणाली, तिची आई जिवंत आहे. गावातल्या बायकांबरोबर नदी ओलांडून आमच्या बाजूला आली, माझ्या आत्याच्या घरी आहे; पत्ता आम्हीच तिला मागे दिला होता. सकाळी आत्याचा फोन आला. तिला सांगायला धावले तर तुम्ही जिन्यात उभ्या. फोन करते तर तो तुमच्या उशीखाली. तिची आई आमच्या घरी पोचली, आणि ती आता आईला शोधायला तिच्या रिकाम्या गावात जाणार आहे, बाई, जिथे बॉम्ब पडतायत.

मग म्हणाली, आम्हाला कशाला वेगळं केलंत? तिला रोज झोपताना कोणीतरी बोलायला लागतं.

उत्तरासाठी रिकामी ओळ सोडते, नंतर भरेन.

 

साडेदहा. टॅक्सीत.

मी स्वतः निघाले आहे. कोणाला सांगायला थांबले नाही. नेतृत्व म्हणजे हेच. रेल्वे स्टेशन. युद्धावर निघालेली माणसं नेहमी रेल्वेनेच जातात. धाकटीचा मोबाइल पर्समध्ये. शिट्टी गळ्यात.

दुपारी बारा. स्टेशनमास्तरांची खोली.

प्लॅटफॉर्मवर एक मुलगी पाठमोरी दिसली, तशीच बॅग. हाक मारली, ऐकू गेलं नाही. म्हणून शिट्टी वाजवली. पूर्ण ताकदीने, दोनदा. तीन नंबरची गाडी हलली. लोक चहाचे कप हातात घेऊन मागे धावले. गाडी पुन्हा थांबवावी लागली. मुलगी दुसरीच निघाली. ती आजीकडे चालली होती.

स्टेशनमास्तर भला माणूस. पाणी दिलं. शिट्टी ठेवून घेतली. म्हणाले, ताई, घरी कोणाचा नंबर देता का? मला कोणाचाच आठवेना. पंचवीस वर्षं मी सगळ्यांच्या घरचे नंबर रजिस्टरमध्ये लिहिते आहे.

तेवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. थोरलीचं नाव. उचलला तर आवाज धाकटीचा, सूर थेट मावशींचा. बाई, कुठे उलथलात तुम्ही? पाहुणे बसलेत, प्राचार्य हातवारे करतायत, अख्खं हॉस्टेल तुम्हाला शोधतंय! मी म्हटलं, तू कुठे आहेस? म्हणाली, चौदा नंबरमध्ये. विमानतळाची बस अकराला कोपऱ्यावरूनच सुटते की. थोरली आणि मावशी रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या; मावशी पिठाच्या हातांनी. ड्रायव्हर घाबरला. बाई, आई सापडली. आता तुम्ही तेवढ्या सापडा.

स्टेशनमास्तरांनी रुमाल दिला. धूळ फार होती.

१९ फेब्रुवारी.

वेळापत्रकाचा पहिला टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण. दोघींना चौदा नंबर परत. तसं मी सांगायच्या आधीच दोन्ही गाद्या तिथे होत्या.

हस्तांदोलनाचा फोटो झाला नाही. फोटोग्राफरने शेवटी प्राचार्यांचा पाहुण्यांशी हात मिळवतानाचा घेतला. प्राचार्यांनी सकाळी बोलावलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, समितीचं काम आता थोडं कमी करू या का? म्हटलं, अवश्य, तेही माझ्याच डोक्यात होतं.

संध्याकाळी चौदा नंबरमधून आरडाओरडा. किटली. जिन्यात बसून ऐकत राहिले. सात मिनिटं चाललं. फार बरं वाटलं. म्हणजे, परिस्थितीवर लक्ष ठेवलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहा.

हे लिहू की नको, ठरत नाही. पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार?

दुपारी साखरेचा डबा शोधायला स्वयंपाकघरात गेले. दाराच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवलेला. वर मथळा: 'बाईंजवळ कोण?' खाली वार. सोमवार नऊ नंबर, मंगळवार अकरा, बुधवार सहा, गुरुवार सतरा. शुक्रवार चौदा, आणि पुढे कंसात, मागाहून वेगळ्या शाईने, 'वेळापत्रकामुळे एकेक'. त्याखाली सूचना. युद्धाचा विषय काढू नये. बिस्किटं न्यावीत. घंटेची गोष्ट आली तर हसावं. कुलूप बघायला उठल्या तर बरोबर जावं, एकटीला पाठवू नये.

अक्षर थोरलीचं. तारीख तीन फेब्रुवारी.

तीन फेब्रुवारीला माझी समिती दुपारी झाली.

मावशी कणीक मळत होत्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, त्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही गेटपाशी फेऱ्या मारत होता, बाई, ओठ पांढरेफटक. चौदा नंबरच्या दोघी खिडकीत होत्या, त्यांना तरी झोप कुठली? खाली येऊन मला म्हणाल्या, मावशी, आमच्या घरी काय व्हायचं ते होईल, ह्यांच्याकडे आधी बघायला हवं. मावशींनी कणकेला एक बुक्की मारली आणि म्हणाल्या, साखर वरच्या फळीवर आहे, तुमच्यापासूनच लपवली होती.

पाचला दोघी आल्या. आज पहिल्यांदाच एकत्र. बिस्किटं पुढे केली. मी कुठलीच गोष्ट सांगितली नाही. त्यांनाही काय करावं ते कळेना. हसायची जागाच नव्हती. नदी केवढी आहे, असं मी विचारलं. दोघींनी एकदम हातांनी दाखवली. धाकटीची जरा मोठी होती. त्यावरून वाद झाला.

साडेपाचला आत्याकडून फोन आला. धाकटीची आई. धाकटी बोलली, थोरली बोलली, मग धाकटीने मोबाइल माझ्या कानाला लावला. मी कालपासून तीन वाक्यं तयार ठेवली होती. धीर धरा. मुलगी सुरक्षित आहे. मी इथे आहे. पहिलं वाक्य सुरू करायच्या आत पलीकडून ती बाईच बोलू लागली. हळू, सावकाश, मधे मधे थांबत, लहान मुलाशी बोलावं तसं. पाठीमागे कुणाच्या तरी घरात भांडी वाजत होती.

धाकटी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. आई म्हणते, मुलीने मला कालच सांगितलं, युद्धामुळे तुम्ही फार घाबरला आहात. आई म्हणते, घाबरू नका, असे दिवस जातात. आई विचारते, जेवता ना वेळेवर?

मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे लक्षात आलं नाही.

आई विचारते, जवळ कोणी आहे ना?

म्हटलं, आहेत. शुक्रवारी दोघी असतात.